कुंडी नंबर अकरा

पंधरा दिवसांनी एकदा झाडं पाळी बदलतात.
घणसोलीतनं, विजेच्या तारांखालच्या नर्सरीतनं
सहाला टेम्पो निघतो.
भूपेश हळू घे म्हटलं की हळू घेत नाही,
आणि मागं चाळीस अरेका पाम
वऱ्हाडासारखे एकमेकांच्या अंगावर रेलतात.

महापे. काचेची इमारत, चौथा मजला.
वॉचमन माझी पिशवी उघडून बघतो, झाडांना तसंच सोडतो.
कात्री इथं ठेवा. दर वेळी.
मग पिवळी पानं मी नखानं खुडते.

लीलाधर शेठ म्हणतात, उंच मागं, बुटकं पुढं.
शेठ, हा काय शाळेचा फोटो आहे?
मी आधी दारात उभी राहते रिकाम्या हातांनी
आणि बघते, डोळा कुठं अडतो.
प्रिंटरवर. वायरींच्या जुडग्यावर.
केबिनकडं पाठ करून बसलेल्या एका बाईच्या खुर्चीवर.
तिच्या मागं ड्रसिना, जरा आडोसा.
वायरींपुढं सिंगोनियम, त्याला झाकायचं कसब आहे.
खांबाशी क्रोटन, पण एकच;
दोन ठेवले की भांडतात.
आणि खिडकीचा एक कोपरा मी सोडते.
शेठनी फोटो बघून विचारलं, इथं विसरलीस?
विसरले नाही शेठ. ते तसंच ठेवलंय.

कुंड्यांत काय काय निघतं सांगू?
स्टेपलरच्या पिना, थंड चहा,
बारीक बारीक फाडलेलं एक पत्र,
आणि एकदा चांदीचं जोडवं.
रिसेप्शनला दिलं. अजून कुणी न्यायला आलं नाही.

एसीत झाडं मरत नाहीत, गप्प होतात.
परत आणून हिरव्या जाळीखाली ठेवली,
वर तारांची ती रात्रंदिवस गुणगुण,
की आठवड्यात नवा कोंब दाखवतात.
ड्रसिनाची पाळी बदलते.
खुर्चीत बाई तीच असते.

श्रावणाच्या सुमाराला अकरा नंबरमध्ये
पामच्या बुडाशी टोमॅटो उगवला.
सँडविचमधून पडलं असणार बी.
बोटभर रोप, देठावर लव,
नुसता हात लागला तरी जेवेपर्यंत वास जात नाही.
असलं काही उपटायचं असतं. करारात आहे:
फक्त दिलेली झाडं.
मी चिमटीत धरलं.
मग कुंडीच अर्धी फिरवली, रोप काचेकडं येईल अशी.
पाम अजून बरा होता. म्हटलं, राहू दे एक पाळी.

पुढच्या खेपेला बघते तर
रोप गुडघ्याएवढं, आणि पामला बांधलेलं
आयकार्डाच्या निळ्या पट्टीनं.
टोकाचा हूक तसाच लोंबतोय, कार्ड नाही.
गाठ सैल.
देठ पुढं जाड होणार हे ठाऊक असलेल्या हाताची.

मी पानं पुसत पुसत सगळा मजला फिरले
आणि गळे मोजले.
सगळ्यांच्या गळ्यात पट्टी होती.
वॉचमनला सहज विचारलं.
म्हणाला, हरवली तर दोनशे रुपये कापतात.
बाई स्क्रीनकडं बघत होती.
कोपऱ्यातला चष्मेवाला मुलगाही.
सगळेच बघत होते.

आता पाम पिवळा पडलाय, खरंच पडलाय,
आणि टोमॅटोला दोन फुलं आलीत.
रजिस्टरमध्ये मी लिहिलं:
कुंडी ११, बदलली.
खाली सही केली, नेहमीपेक्षा जरा नीट.

टेम्पोत नवा पाम तसाच परत.
भूपेश म्हणाला, हा कसा काय उरला?
म्हटलं, तू पुढं बघ.
उतारावर खड्डा आहे.
हळू घे.